थाळी केवढी घ्यावी

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या होत्या. एक जेवणाच्या ताटाएवढी, एक पोह्याच्या ताटलीएवढी आणि एक चहाच्या बशीएवढी. त्या पाळीपाळीने झाडूच्या दांड्याला बांधून सर शाळेमागच्या कांद्याच्या वाफ्यांतून चालायचे. चकती जमिनीपासून बोटभर वर धरायची, डावीकडून उजवीकडे न्यायची, परत आणायची आणि मग एक पाऊल पुढे. रस्त्याने जाणारी माणसं मोटारसायकल थांबवून बघत. कुणी विचारलंच तर सर म्हणत, "माप बघतोय." कशाचं, ते सांगत नसत.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. राहुरीहून घोडेगावकडे जाताना आडबाजूला असलेलं ते गाव. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं आणि विचारलं, "मॅडम, तारेचं वेटोळं मोठं असलं की जमिनीत खोल ऐकू येतं, हे खरं का?" चित्रकलेच्या माणसाला तारेच्या वेटोळ्याशी काय करायचंय, हे मला कळेना. मी सावधपणे म्हटलं, "साधारण खरं आहे." ते "साधारण" सरांच्या मनात जाऊन बसलं. पुढची दोन वर्षं आमच्या मधल्या सुट्ट्या त्या एका शब्दाने खाल्ल्या.

सरांना मेटल डिटेक्टर घ्यायचा होता. नवशिक्यांसाठी असतो तो, साधा, दांड्याच्या टोकाला गोल थाळी असलेला. यंत्र कुठलं घ्यायचं, हे त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून एका दुपारी ठरवलं होतं. अडलं होतं ते थाळीपाशी. यंत्राबरोबर मधल्या मापाची थाळी येते, मोठी किंवा लहान वेगळी मागवावी लागते, आणि ती त्याच यंत्राची असावी लागते, दुसऱ्याची बसत नाही. सरांनी ठरवलं होतं की जादाची थाळी एकच घ्यायची. आता ती कोणती?

मोठी थाळी खोलवरचं ऐकते आणि एका फेरीत जास्त जमीन झाकते. पण ती जड, अर्ध्या तासात खांदा भरून येतो. शिवाय दोन वस्तू जवळजवळ असल्या की तिला त्यांचा एकच आवाज ऐकू येतो. लहान थाळी खोल जात नाही, वेळ खाते, पण शेजारी शेजारी पडलेल्या वस्तू तिला वेगळ्या कळतात, आणि सरीच्या खाचेतही ती जाते. एवढं मी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. सरांनी माझी आकृती पुसून ती नीट काढली, आणि म्हणाले, "समजलं. आता विचार करू."

"विचार करू" हे सरांचं पालुपद होतं. छत्री घ्यायला ते राहुरीला गेले, काळी की रंगीत यावर विचार करत राहिले आणि भिजत परत आले. शाळेच्या भिंतीवर सुविचार कोणत्या रंगात लिहायचा यावर इतका विचार झाला की मुख्याध्यापक बदलून गेले आणि नव्या मुख्याध्यापकांनी सुविचारच बदलला. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, लग्नाला तेवढे ते लवकर हो म्हणाले, कारण तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे त्या त्यांच्यासमोर सांगायच्या आणि सर मान डोलवायचे.

वर्गात मात्र हा माणूस वेगळा असायचा. खडू हातात आला की त्यांना विचार करायला सवड नसे. प्राणी शिकवायचा तर ते नेहमी बैल काढत, आणि नेहमी पायापासून सुरुवात करत. आधी चार खूर, मग गुडघे, मग पोटाची रेघ, आणि तोंड सगळ्यात शेवटी. मुलांना सांगत, "जनावर आधी जमिनीवर उभं करा. तोंडापासून सुरुवात केली की ते हवेत तरंगतं." मुलं तोंडापासूनच सुरुवात करत आणि त्यांचे बैल खरोखरच तरंगत.

तो फळ्यावरचा बैल प्रत्येक वेळी एकच असायचा. डाव्या बाजूला मान वळवलेला, रुंद खांद्याचा, आणि शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या घातलेला. पोळ्याला घालतात त्या टोपणांसारख्या शेंब्या. त्या सर पिवळ्या खडूने रंगवत. एकदा मी विचारलं, हा कुणाचा बैल? ते म्हणाले, "आमचा हौशा. डिटेक्टर त्याच्यासाठीच घ्यायचाय." एवढं बोलून ते खडूची पूड झटकत निघून गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सरांचे वडील लवकर गेले. आईच्या पदरात दोन मुलं, थोडी जमीन आणि एक बैल. दुसरा बैल त्यांना कधी परवडलाच नाही. मग शेजाऱ्याशी सावड करायची, म्हणजे त्याचा एक आणि यांचा एक जुंपून दोघांची शेतं आलटून पालटून नांगरायची. बाई माणसाबरोबर सावड करायला गडी कुरकुरत. पण हौशा असा ताकदीचा होता की त्याच्यासाठी लोक आईशी सावड करायला यायला लागले. ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याला गाडी जायची तीही त्याच्या जोरावर. सर नगरला चित्रकलेच्या कोर्सला गेले तेही त्याच कमाईवर. ते तिकडे असतानाच एका ऐन हंगामात हौशा पोट फुगून गेला. आईने तो कुणाला ओढून नेऊ दिला नाही. आपल्याच रानात, कडुलिंबाच्या झाडापाशी, खड्डा घेऊन पुरला. सर सुट्टीला आले तेव्हा दावण रिकामी होती.

त्या दिवसापासून आईपुढे हौशाचं नाव काढायचं नाही, असा घरात आपोआप नेम पडला. नाव निघालं की त्या उठून जायच्या. शेजारपाजारच्यांनी सरांना एवढं सांगितलं होतं की साजासकट पुरला, आणि सरांनी मनात पितळी शेंब्यांसकट हौशा मातीत झोपवून ठेवला होता.

मधल्या काळात लिंब वादळात पडला. जमीन सपाट करून घेतली, उंचवट्याची माती खाली ओढली, बांध सरकले. बैल कुठे आहे, हे कुणालाच सांगता येईना. आणि त्याच रानात सरांच्या धाकट्या भावाला शेततळं घ्यायचं होतं.

भावाचं काही चुकत नव्हतं. उन्हाळ्यात त्यांची विहीर तळ दाखवते आणि तेवढीच एक जागा तळ्याला सोयीची होती. तळ्यात अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद मापाने जोडून गोठ्यात आणून ठेवलेला, म्हणजे तळं लहान करता येणार नव्हतं. फार तर थोडं इकडे तिकडे सरकवता आलं असतं. पण आई म्हणाल्या, माझा बैल सापडल्याबिगर रानात जेसीबी शिरायचा नाही. शिरला तर मी खड्ड्यात जाऊन बसेन. नव्वदीला टेकलेली बाई, बोलली तर करणारी. भाऊ मला एकदा म्हणाला, "मॅडम, मला काय हाडं उकरायची हौस न्हाई. मी तळं सरकवतो. पन कंच्या अंगाला सरकवू, त्ये तर कुनी दावावं." आई काठी टेकत रानात जायच्या, एका जागी थांबून म्हणायच्या, "हितं." मग चार पावलं जाऊन म्हणायच्या, "न्हाई, तिकडं." त्यांना दिसतही कमी होतं.

म्हणून ही थाळीची भानगड. बैल खोल असणार, तर मोठी हवी. शेंब्या म्हणजे मुठीत मावणाऱ्या, तर लहान हवी. सर या दोन्हीमध्ये दोन वर्षं झुलत राहिले. शेवटी एका मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला की कागद उंदरांनी कुरतडायला सुरुवात केली आहे, आता काय ते बघा. सरांनी फोन ठेवला, डबा बंद केला आणि मला म्हणाले, "मॅडम, यंत्र मागवा. आणि मोठी थाळी." त्यांच्या मोबाईलवरून मागवलेलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नाही, अशी त्यांची खात्री होती.

यंत्र आलं आणि सरांनी सराव सुरू केला तो शाळेच्या मैदानावर. बाटल्यांची बुचं, पत्र्याचे तुकडे, जुनी नाणी स्वतःच पुरायची आणि स्वतःच शोधायची. मुख्याध्यापकांना मैदानाला पडलेल्या भोकांचा धसका बसला. या शोधात पोरांच्या कंपासपेट्यांतली कर्कटकं निघाली, आणि कबड्डीच्या मैदानाच्या कडेला शाळेच्या घंटेचा हरवलेला हातोडाही मिळाला. त्याच्या जागी शिपाईमामा इतकी वर्षं पाना वापरत होते. हातोडा मिळाल्यावर त्यांनी तो पुसून कपाटात ठेवला आणि घंटा पान्यानेच वाजवत राहिले, कारण हाताला आता तोच बसला होता.

गावात मात्र वेगळीच हवा उठली. मास्तर रानात बैल शोधतोय म्हटल्यावर लोकांनी तो सोन्याचा करून टाकला. सोन्याचा नंदी, ऐन रानात, जुन्या काळातला. लोक सरांच्या दारात येऊन बसायला लागले. आमच्याही परसात आजी हंडा पुरून गेली आहे, जरा यंत्र फिरवा. सर त्यांना चहा पाजायचे आणि शांतपणे सांगायचे की पुरलेलं धन सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं, आणि मला फक्त माझा बैल हवाय. लोक एकमेकांकडे बघून हसत. शेवटी पोलीस पाटील चौकशीला आले. सरांनी त्यांना फळ्यावर हौशा काढून दाखवला, पायांपासून. पाटील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जनावर चांगलं हुतं." मग ते उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

पहिल्या रविवारी सर मोठी थाळी घेऊन रानात उतरले. मला बोलावणं होतं, कारण यंत्र बिघडलं तर विज्ञानाचं माणूस जवळ असावं. शेतात लोखंड चिक्कार असतं, खिळे, तारा, नांगराचे तुकडे. म्हणून यंत्रावर लोखंड गप्प करायची सोय असते, ती सरांनी आधीच लावून टाकली. पितळ तेवढं बोलेल. दिवसभर बोलले ते गुटख्याच्या पुड्यांचे चंदेरी कागद, पंपाचा पितळी वॉशर आणि चेपलेला एक तांब्या. पुढच्या रविवारीही तेच. दुपारपर्यंत सरांचा खांदा असा भरून आला की ते डाव्या हाताने थाळी ओढायला लागले. भाऊ बांधावर बसून होता. त्याने जेसीबीवाल्याला एकदा परत पाठवलं होतं.

त्या दिवशी आई रानातच होत्या, पंपाच्या खोलीच्या सावलीला. सरांच्या भावजयीने भाकरी आणली होती. सर हात धुवायला तिथे आले, तेव्हा आईंनी विचारलं, "कवाधरनं फिरतुयास. काय हुडकतुयास नेमकं?"

सर घुटमळले. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी आईपुढे काढलं नव्हतं. मग म्हणाले, "हौशाच्या शेंब्या, आई. त्या सापडल्या की तो सापडल."

या वेळी आई उठून गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शेंब्या हितं कुठल्या? त्या मी काढून घेतल्या हुत्या. पुढच्या बैलाला कुठनं आनल्या असत्या?" भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी सरांच्या हातात दिला. "मागनं पवळ्याला त्याच तर घातल्या. तू परत्येक पोळ्याला रंग द्यायचास की शिंगास्नी."

सर तसेच उभे राहिले, हातात तुकडा घेऊन. मला त्यांच्याकडे बघवेना. दोन वर्षांचा विचार, तीन चकत्या, दुखरा खांदा, आणि ज्या वस्तूसाठी हे सगळं, तिला त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं रंगीत शिंगांवर बघितलं होतं. नवीन बैलाच्या शेंब्या नवीन असतील, असं ते धरून चालले होते. आईला विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

भाऊ बांधावरून उठून आला. त्याने हळूच विचारलं, "मंग आई, त्याच्या अंगावर काय ऱ्हायलं हुतं का काईच?"

"काय ऱ्हानार? वेसन सोडली, घुंगरं सोडली." आईंनी आठवून पाहिलं. "पायात पत्र्या हुत्या. उसाची गाडी चालू हुती, नव्या मारल्या हुत्या. मेल्यावर पत्र्या कोन काढतंय."

बैलाच्या खुरांना ठोकतात त्या लोखंडी पत्र्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एकेका पायाला दोन. सरांनी तुकडा तोंडात टाकला, यंत्रापाशी गेले आणि गप्प केलेलं लोखंड बोलतं केलं. मोठी थाळी जमिनीवर धरली मात्र, सगळं रान एका सुरात ओरडायला लागलं. खिळा कुठला आणि तार कुठली, काही वेगळं कळेना. सरांनी यंत्र बंद केलं आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, लहान थाळी मागवा. आत्ता."

मी गमतीने म्हटलं, "विचार करायचा नाही?" सर हसले नाहीत. "तोंडापासून सुरुवात केली मी," ते म्हणाले, "पायांपासून करायला हवी होती."

लहान थाळी यायला चार-पाच दिवस लागले. आली तेव्हा बशीएवढीच होती, पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवून त्यांनी ती ताडून पाहिली आणि मान हलवली. पुढच्या रविवारी जेसीबीही आला होता. भावाने चालवणाऱ्याला सांगितलं होतं की दुपारपर्यंत थांब, नाहीतर तुझ्या मार्गाने जा. तो तरुण माणूस होता, मशीनच्या सावलीत मोबाईल बघत बसला.

बशीएवढ्या थाळीने रान तपासायचं म्हणजे सुईने विहीर खणायचं काम. पण सर एकदाही वैतागले नाहीत. जुन्या लिंबाचं खोड जिथे असावं असा अंदाज होता तिथून ते गुडघ्यांवर बसून सरकत राहिले. एखादा आवाज आला की उकरून बघत, खिळा निघाला तर खिशात टाकत. तळ्यासाठी आखलेल्या जागेच्या बरोबर मधोमध, ऊन डोक्यावर असताना, थाळी बोलली. सर थोडे सरकले, पुन्हा बोलली, पण वेगळी. त्यांनी दोन्ही जागी शाळेतून आणलेली फक्की चिमटीने टाकली. मैदान आखायची पांढरी पूड ती. थोडं पुढे आणखी एक आवाज, त्याच्या बाजूला आणखी एक. मोठ्या थाळीला यांचा एकच गोंधळ ऐकू आला असता.

सर खुरप्याने माती काढायला लागले. सपाटीकरणात वरची माती गेली होती, म्हणून फार खोल जावं लागलं नाही. वीत-दीड वीत खाली गंजून तपकिरी झालेली एक पत्री लागली, तिच्यात खिळ्यांची भोकं ओळखू येत होती. शेजारी तिची जोडीदार. सरांनी ती वर काढली नाही. माती पुन्हा लोटली, हाताने दाबली आणि उभे राहिले. भाऊ जवळ आला, त्याने चप्पल काढून ठेवली.

पांढऱ्या चार खुणा दिसत होत्या. दोन इकडे, दोन तिकडे. मला त्या नुसत्या खुणा दिसल्या. सरांनी फक्कीची पिशवी उचलली आणि पहिल्या खुणेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. खूर, मग गुडघा, मग मांडी. दुसऱ्या दोन खुणांवरून मागचा पाय, तिथून पोटाची लांब रेघ, पाठीची, वशिंडाची. वाकून, मागे सरकत, एकदाही न थांबता. बघता बघता रानात कुशीवर निजलेला एक बैल उमटला, खऱ्या बैलाएवढा. शेवटी मान आणि तोंड. जेसीबीवाला मोबाईल खिशात घालून उभा राहिला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

आईंना भावाने हाताला धरून आणलं. त्या रेघेच्या कडेकडेने चालल्या, काठी आत पडू न देता. डोक्यापाशी थांबून त्यांनी डोळे बारीक केले. "डावं शिंग खाली हुतं त्याचं," त्या म्हणाल्या. सरांनी पायाने ते शिंग पुसलं आणि खाली ओढलं. आई अजून बघत होत्या.

"आन् डोळा न्हाई काढलास?"

"मिटलाय, आई," सर म्हणाले.

आईंनी मान हलवली. मानेच्या रेघेपाशी मातीत बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि आवाज खाली आणून धाकट्याला म्हणाल्या, "त्या मशीनवाल्याला सांग, तिकडं खंद म्हनावं. आन् गाडी लांबनं ने म्हनावं, हळू."

भावाला सांगायची गरजच पडली नाही. त्या तरुणाने ते ऐकलं होतं. त्याने जेसीबी सुरू केला आणि बांधाबांधाने मोठा वळसा घालून, अगदी सावकाश, रानाच्या पलीकडच्या अंगाला नेला.